टाळी देणे आणि टाळी वाजविणे

दिवाळीच्या दिवसांत दुपारची जेवणे आटोपली, की घरोघर पत्त्यांचे डाव पडतात. मेंढीकोटात मामा आणि भाचा भिडू असतात. चौथी मेंढी आपल्या बाजूला येऊन कोट झाला, की भाचा उरलेली पाने खाली टाकतो, तळहात पुढे करतो आणि म्हणतो, ‘मामा, द्या टाळी!’ मामा टाळी देतात. तो आवाज ऐकून स्वयंपाकघरातून कोणीतरी डोकावून जाते. सारा प्रकार दोन क्षणांचा, आणि म्हणूनच कदाचित त्याचा विचार करावा असे कोणाला फारसे वाटत नाही. नमस्कारावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. हस्तांदोलन आपले की परके यावरही शाई खर्ची पडते. टाळी मात्र बिचारी ओसरीवरच बसून आहे.

मराठीत टाळी वाजवितात, पिटतात, घेतात, मागतात आणि देतात. ध्यानात बुडालेल्या माणसाची टाळी लागते ती निराळी. तिचा येथे विचार नाही. टाळ, टाळी आणि ताल ही एकाच घरची भावंडे. परंतु ‘वाजविणे’ आणि ‘देणे’ या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, ते दोन शब्दांमधले नसून दोन प्रकारच्या समाजांमधले आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. टाळी वाजविण्यास एक मनुष्य पुरतो. त्याचे दोन हात त्याचेच असतात. तो सभेत बसलेला असो, देवळाबाहेर उभा असो, की एकटाच खोलीत असो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. टाळी देण्यास मात्र दुसरा लागतो, आणि नुसता लागतो असे नव्हे, त्याची संमती लागते. हात पुढे केला आणि समोरच्याने आपला हात खिशातून काढलाच नाही, तर त्या टाळीचे काय होते हे ज्याने अनुभवले आहे त्याला समजावून सांगावयास नको.

भरताच्या नाट्यशास्त्रात हातांच्या मुद्रांची केवढी तरी मोजदाद आहे. एका हाताच्या चोवीस, दोन्ही हातांच्या मिळून होणाऱ्या तेरा, शिवाय नृत्तातल्या वेगळ्याच. पण ते जे तेरा ‘संयुत’ हस्त आहेत ते सगळे एकाच नटाच्या दोन हातांचे. अंजली घ्या, कपोत घ्या. दोन्ही हात एकाच धडाला जोडलेले. एक हात एका माणसाचा आणि दुसरा दुसऱ्याचा, अशी मुद्रा त्या तेरांत नाही. शास्त्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला नट शिकवावयाचा होता. पण माणसाच्या आनंदाची एक मोठी तऱ्हा, जी दोघांत मिळून एकच मुद्रा करते, ती अशी त्या यादीबाहेर राहिली.

नाटकाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगतो. नट टाळी ‘घेतो’. ‘हे टाळीचे वाक्य आहे’ असे आपण म्हणतो, आणि नाटककाराला नावे ठेवावयाची असली की त्याची वाक्ये ‘टाळ्याखाऊ’ ठरवितो. घेणे, खाणे ही क्रियापदे पाहा. ज्या टाळीला देणारा कळत नाही, ती घ्यावी लागते, खावी लागते. आमच्या मराठवाड्यावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते आणि उर्दूचा रिवाज घराघरांत मुरलेला होता. मुशायऱ्याच्या जुन्या शौकिनांना टाळ्या पिटणे रानवट वाटे. शेर आवडला तर ‘वाहवा’ म्हणावे, ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा ऐकावा. ती दाद असे, आणि दादसुद्धा मराठीत द्यावी लागते. कवीला ती कोणी दिली हे दिसते, आणि तो त्या माणसाकडे पाहून आदाब करतो.

आता ‘दे टाळी’ म्हणणाऱ्याचा हात नीट पाहू. तो उताणा असतो. उताणा हात आपल्याकडे मागणाऱ्याचा, पालथा देणाऱ्याचा. गंमत अशी, की टाळी मागणारा हा बहुधा तोच असतो ज्याने नुकताच काहीतरी दिलेले आहे: एक फक्कडसा विनोद केला आहे, बरोबर अंदाज सांगितला आहे, गड्यांच्या मनातले बोलून दाखविले आहे. दात्याने याचकाचा हात पसरावा आणि याचकाने वरून टाळी देऊन हिशेब चुकता करावा, असा हा उफराटा व्यवहार आहे. यातच त्याची गोडी आहे. आणि व्यवहार म्हटला की तो कोणाशी करावा आणि कोणाशी करू नये याचे नियम आलेच. सुनेने सासऱ्यापुढे हात करून ‘द्या टाळी’ म्हटल्याचे आमच्या आजीच्या पिढीत कोणी ऐकले नसेल. शाळेत मास्तरांना टाळी मागणारा मुलगा अंगठे धरून उभा राहिला असता. गड्याने मालकाला टाळी मागितलेली चालत नसे. मालक कधी लहर लागली तर गड्याच्या हातावर थाप मारी, पण ती पाठीवरच्या थापेच्या जातीची, तिला टाळी म्हणणे जिवावर येते. एवढ्यासाठीच तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या ज्या सहजपणे वरच्या माणसाकडे हात पुढे करतो, त्यात नुसता विनोद नसतो. राजा रंगात येऊन सोंगाड्याला टाळी देतो, आणि तेवढ्या क्षणापुरते राज्य बुडते. पुढच्या रांगेतले धोतरवाले हसतात आणि मागे चवड्यांवर बसलेले त्याहून मोठ्याने हसतात. दोघे एकाच गोष्टीला हसत असतील असे मला वाटत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे, की टाळी देणे हा आनंदाचा उद्गार खरा, पण त्याआधी तो एक प्रश्न आहे: तू आणि मी या क्षणापुरते बरोबरीचे आहोत ना? टाळीचा आवाज हे त्याचे उत्तर.

गुरांच्या बाजारात या प्रश्नाची दुसरी बाजू पाहावयास मिळते. आमच्या परभणी जिल्ह्यात आणि शेजारच्या नांदेडात लाल कंधारी बैलांचा मान मोठा. बैल पाहून झाला, दात मोजून झाले, चालवून झाला, की दलाल गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो आणि वरून रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकतो. मग रुमालाखाली बोटे बोलू लागतात. किती बोटे दाबली यावर भाव चढतो, उतरतो. भोवती उभे असलेल्यांना दोन माणसे गंभीर चेहऱ्याने हात धरून उभी आहेत एवढेच दिसते. बोलणी फिसकटली तर हात मुकाट्याने सुटतात, कोणाची अब्रू जात नाही. जमली, तर रुमाल बाजूला होतो, हातावर हात पडतो आणि इसाराची रक्कम पुढे येते. ही टाळी हसण्याची नव्हे, ही साक्षीची. म्हणून ती चारचौघांना ऐकू जावी अशी मारतात. एकाच सौद्यात झाकलेला हात आणि उघडा हात दोन्ही असावेत, आणि झाकलेल्याने घासाघीस करावी व उघड्याने शब्द द्यावा, ही वाटणी ज्या कोणा अनामिक शहाण्यांनी केली असेल त्यांना मनुष्यस्वभाव चांगलाच कळत होता. (शब्द पाळला नाही तर काय म्हणावयाचे याचीही भाषेने सोय करून ठेविली आहे: हातावर तुरी दिल्या. तुरीच्या मुलुखात राहून आम्हाला या वाक्प्रचाराचा अधिकार जरा जास्तच पोचतो.)

हा सगळा आपल्या घरचा पसारा झाला. परंतु हल्ली मुले जी टाळी देतात ती उताण्या हाताची नसते. दोन्ही हात डोक्याच्या वर जातात आणि तेथे एकमेकांवर आपटतात. तिला इंग्रजी नाव आहे, ‘हाय फाइव्ह’, म्हणजे उंचावरची पाच बोटे. ती दूरदर्शनवरच्या क्रिकेटबरोबर आपल्या अंगणात आली. पूर्वी गडी बाद झाला की क्षेत्ररक्षक स्वतःच्याच टाळ्या वाजवीत जवळ येत, फार तर पाठ थोपटीत. आता प्रत्येक बळीगणिक अकरा जणांचे हात हवेत जातात. या टाळीला चक्क जन्मतारीख आहे असे सांगतात, आणि त्या गोष्टीचा समाचार घेणे जरूर आहे.

तारीख २ ऑक्टोबर १९७७, स्थळ अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर, खेळ बेसबॉल. डॉजर्स नावाच्या संघाचा तो त्या हंगामातील शेवटचा साखळी सामना होता. डस्टी बेकर या फलंदाजाने चेंडू मैदानापार टोलविला. त्या हंगामातला त्याचा हा तिसावा टोला, आणि एकाच संघातल्या चार जणांनी प्रत्येकी तीस टोले पुरे करण्याचा तो पहिलाच प्रसंग. धावत धावत बेकर परत आला तेव्हा पुढचा फलंदाज ग्लेन बर्क आपला हात उंच करून उभा होता. बेकरला काय करावे सुचले नाही म्हणून त्याने त्या हातावर हात मारला. लगेच बर्क खेळावयास गेला आणि मोठ्या स्पर्धांतला आपला पहिला टोला त्याने मारला. तो परत आल्यावर बेकरने तशीच टाळी त्याला परत दिली. गोष्ट इतकी गोळीबंद आहे, की ती ऐकताच शंका यावी. आणि प्रतिवादी आहेतही. लुइव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातले खेळाडू सांगतात, की १९७८-७९ च्या हंगामात सरावाच्या वेळी खाली देण्याची टाळी आम्हीच वर नेली. कोणी त्याआधीच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींकडे बोट दाखवितात. अलीकडे तर काही तरुणांनी एका खेळाडूच्या नावाने टाळीच्या जन्माची एक सुरस कथाच रचून वर्तमानपत्रांकडे धाडली, ती छापून आली, लोकांनी मानली, आणि पुढे त्यांनीच ती बनावट असल्याचे कबूल केले.

मला या वादात निकाल द्यावयाचा नाही. ज्या कृतीला दोन माणसे लागतात तिचा एकच जनक शोधावा, हा हट्टच मुळात चुकीचा आहे. हात उंचावणारा बर्क जनक, तर त्याच्यावर हात मारणारा बेकर कोण? तसेच, ही बातमी कानी पडताच आपल्याकडचे काही जण ‘यात नवल ते काय, आमच्याकडे टाळी पूर्वापार आहेच’ म्हणून जे मिशांना पीळ देतात, तेही मला रुचत नाही. आमची टाळी अमेरिकेला गेल्याचा काडीइतका पुरावा नाही. दोन गावांत दोन विहिरी असल्या म्हणजे एकीचे पाणी दुसरीत गेले असे होत नाही. जमिनीखाली पाणी दोन्हीकडे होते एवढेच सिद्ध होते.

ते जमिनीखालचे पाणी कोणते, हे मात्र पाहण्यासारखे आहे. बर्क आणि बेकर दोघेही काळे होते. हात वर जाण्यापूर्वी कित्येक दशके अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत, जॅझ वाजविणाऱ्या मंडळींत, कमरेच्या उंचीवर उताणा हात धरून टाळी मागण्याची रीत होती. म्हणजे अगदी आपली मेंढीकोटातलीच. तेव्हा ते ‘टाळी दे’ म्हणत नसत. ‘थोडी कातडी दे’ अशा अर्थाचे शब्द वापरीत. कॅब कॅलोवे या गायकाने १९३८ पासून त्या बोलीचा जो लहानसा कोश काढला आणि वाढवीत नेला, त्यात हा शब्दप्रयोग हस्तांदोलन या अर्थाने नोंदलेला आहे. ज्या देशात कातडीच्या रंगावरून माणसाला वेगळ्या नळावर पाणी प्यावे लागत होते, त्या देशात त्याने मित्राला ‘कातडी दे’ म्हणावे, यात काय काय आले हे मी सांगत बसत नाही. आणि दैवाचा विनोद पाहा: या टाळीची चित्रपटातली जी जुनी नोंद दाखवितात ती १९२७ सालच्या ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटातली, आणि टाळी देणारा आहे अल जॉलसन, तोंडाला काळे फासून काळ्या माणसाचे सोंग आणणारा गोरा नट.

त्याच १९२७ साली, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाण्यात उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. तेथेही प्रश्न तळहाताचाच होता. आपल्याकडे ज्याला शिवावयाचे नाही त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतीत, मजुरीचे पैसे वरून टाकीत, मिठाची पुडी वरून सोडीत. दोन तळहातांमध्ये वीतभर हवा राखली जावी याची केवढी काळजी! २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण ती वीतभर हवा कायद्याने एकदम कशी निघावी? गावातल्या हॉटेलात वेगळ्या कपबशा पुढेही कित्येक वर्षे टिकल्या. अशा गावात दोन आळ्यांतल्या दोन पोरांनी विट्टीदांडूच्या डावात एकमेकांना दिलेली टाळी ही केवळ खेळातली टाळी कशी म्हणावी? ती टाळी पाहून एखाद्या घरातून पोराला आत बोलावले जाई आणि हातपाय धुवावयास लावीत. पोराला कारण कळत नसे. टाळी मागताना पुढच्या वेळी तो जरा इकडेतिकडे पाही, एवढेच.

म्हणून चोखामेळ्याची आठवण होते. त्याच्या एका सर्वांच्या तोंडी असलेल्या अभंगाची सुरुवातच टाळी वाजविण्याच्या हाकेने होते. वारकरी ती आजही उत्साहाने म्हणतात आणि म्हणताना टाळ्या वाजवितात. कीर्तनकार तिचा अर्थ भक्तीचा उल्हास असा सांगतात. तो आहेच. पण चोखोबाला पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. त्याची समाधीही महाद्वाराच्या पायथ्याशी, बाहेर. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून तो दगावला. अशा माणसाने जगाला टाळी वाजवावयास सांगितले, द्यावयास सांगितले नाही, हे माझ्या मनातून जात नाही. वाजविणे त्याच्या हातात होते, त्याच्या स्वतःच्या दोन हातांत. देण्यासाठी जो दुसरा हात लागतो, तो पुढे येण्यास पंढरपुरापुरते बोलावयाचे तर १९४७ चा मे महिना उजाडावा लागला. साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. कोणी म्हणेल की एका क्रियापदावर इतके ओझे टाकू नये. मी म्हणतो, अभंग कवितेसारखा वाचावयाचा असेल तर क्रियापदावरच टाकावे; विशेषणे ते ओझे पेलत नाहीत.

वारीत या गोष्टीवर उपाय शोधलेला दिसतो. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय, जात, हुद्दा पाहिला जात नाही. फुगडीत हातांत हात गुंफतात. हे आदर्श वर्षभर गावात टिकतात असे नाही, पण पंधरा दिवस तरी टिकतात. आणि आमच्या गंगाखेडची जनाबाई! नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांतला विठ्ठल येतो तो गाभाऱ्यातून आशीर्वाद द्यावयास नव्हे, तर तिच्याबरोबर दळावयास. जात्याच्या एका खुंट्यावर दोन हात बसतात, एकावर एक. ज्यांनी पहाटे जाते ओढले आहे त्या बायकांना यात रूपक बिलकूल दिसणार नाही. दोघींनी दळताना हाताला हात लागतोच. नामदेवांचे नरसी गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, तेव्हा हे मालक आणि दासी दोघेही आमच्याच जिल्ह्याचे असे आम्ही जरा ऐटीत सांगत असू. पण त्या दोघांत अधिक धीट कोण, असे विचारले तर मी जनाबाईकडे हात करीन. देवाला मदतीला बोलावणे सोपे. त्याला आपल्या पंगतीतला गडी करणे अवघड.

आता टाळीसंबंधी आपल्या भाषेत जी सर्वांत प्रसिद्ध म्हण आहे तिच्याविषयी. ‘एका हाताने टाळी वाजत नाही.’ शब्दांकडे पाहता ही मैत्रीची म्हण असावी. आनंदाला जोडीदार लागतो असे सांगणारी. प्रत्यक्षात ती वापरतात कोठे? भांडणात. दोघे भांडले म्हणजे दोघांचाही दोष, असे म्हणून पंच मोकळे होतात. शेजाऱ्यांच्या कुरबुरीत, भावाभावांच्या बांधाच्या तंट्यात ही म्हण एकवेळ चालेल. पण माहेरी आलेल्या पोरीच्या दंडावर वळ दिसत असताना, वडीलधारी माणसे पानाला चुना लावीत जेव्हा तीच म्हण उच्चारतात, तेव्हा त्या म्हणीचा तोल पार गेलेला असतो. मारण्यास एकच हात पुरतो. गालावर वाजलेला आवाज आणि तळहातावर वाजलेला आवाज यांत फरक कळू नये इतके आपले कान बधिर नाहीत. म्हण मात्र दोन्हींना टाळीच म्हणते. लोकशहाणपण म्हणून म्हणींना डोक्यावर घेणाऱ्यांनी एकदा हिच्याकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहावे. लोकांत मारणारे आणि मार खाणारे दोघेही असतात, आणि म्हणी बहुधा पारावर बसणारांनी केलेल्या असतात. हल्ली दोन राजकीय पक्षांच्या युतीच्या बोलण्यांनाही वर्तमानपत्रे ‘टाळी’ म्हणू लागली आहेत आणि म्हणही तेथे छापतात. त्यांना ती शोभते. तेथे रुमालाखालचे हात असतातच.

टाळीने माणूस जवळ येतो तसा तो वेगळाही काढला जातो. तृतीयपंथी ज्या तऱ्हेने टाळी वाजवितात ती बोटे फाकून, तळवे सपाट ठेवून. आपल्या नेहमीच्या टाळीत तळवे किंचित खोलगट राहतात, मध्ये हवा कोंडते आणि आवाज घुमतो. ही टाळी कोरडी, टणक, रस्त्याच्या पलीकडून ऐकू जाणारी. ती आपसांतली खूण आहे, इशारा आहे, आणि जेथे कोणी वाऱ्याला उभे करीत नाही तेथे आपण आलो आहोत हे सांगण्याचा उपायही आहे. आपल्या नाटक-सिनेमांनी तिचे काय केले? चेष्टा. एखाद्या पुरुषपात्राला बायकी ठरवावयाचे असले की त्याच्याकडून ती टाळी वाजवून घ्यावयाची, की थिएटरभर हशा. हा विनोद दुबळा आहे, कारण त्यात हसणाऱ्याला काहीच पणाला लावावे लागत नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. त्या खटल्यातील एक याचिकाकर्त्या श्रीगौरी सावंत यांच्या आयुष्यावर रवी जाधव यांनी २०२३ साली मालिका केली, आणि तिचे नावच ‘ताली’ ठेविले. मालिकेच्या गुणदोषांविषयी मतभेद होतील, पण ज्या आवाजाला लोक हसत आले तोच आवाज शीर्षकात ठेवण्याची सूज्ञता मात्र दाद देण्याजोगी आहे. ग्लेन बर्कचीही कहाणी येथे पुरी करावयास हवी. १९७८ साली त्याच्या संघाने त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकले, आणि १९७९ नंतर तो मोठ्या स्पर्धांत दिसला नाही. १९८२ साली त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीत, जेथे त्याला आपली माणसे मिळाली, तेथे उंच हाताची ती टाळी एकमेकांना भेटण्याची खूण बनली. १९९५ साली, बेचाळीस वर्षांचा असताना, तो एड्सच्या आजाराने वारला. आज जगभर क्रिकेटपासून कबड्डीपर्यंत गडी जी टाळी देतात, तिच्यात या माणसाचा हात उंच आहे. तो पहिला असो वा नसो.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता आपण सगळे दारांत, गच्च्यांवर, सज्ज्यांत उभे राहून टाळ्या वाजवीत होतो, थाळ्या पिटीत होतो. परभणीत काय आणि मुंबईत काय, आवाजाला तोटा नव्हता. त्यानंतरचे कित्येक महिने टाळी वाजविण्यास मुभा होती आणि देण्यास बंदी. पत्त्यांचे डाव थांबले होते. हात पुढे झाला तरी अर्ध्यावर थबकून कोपराला कोपर लागे आणि माणसे ओशाळे हसत. स्पर्शाची भीती बाळगून जगणे म्हणजे काय, याचा अनुभव ज्यांच्या घराण्यात कधी आला नव्हता त्यांना तो त्या वर्षी आला. त्यांनी त्याला ‘अंतर राखणे’ असे सभ्य नाव दिले.

लहान मुलांत आता ‘हाय फाइव्ह’चे आमच्याकडे ‘हाय-फाय’ झाले आहे. आपडी-थापडीचा खेळ अजून उरला आहे, पण बसू लागलेल्या पोराला पाहुण्यांसमोर जी पहिली करामत करावयास लावतात ती हीच. ‘दे, हाय-फाय दे!’ नाम इंग्रजीतून आले, तेही मोडके. क्रियापद मात्र घरचेच राहिले. आजी सवयीने हात उताणा धरते, नातू पाळणाघरात शिकल्याप्रमाणे हात उभा करतो, आणि दोन्ही हात एकमेकांना चुकतात. दोन-तीनदा असे झाल्यावर आजी आपला हात उभा करते.